बटाटा खोड कसा आणि रताळे मूळ कसे?

प्रश्न : एकादशीला आमच्या घरी बटाटा आणि रताळे एकाच पातेल्यात उकडतात. मुलीच्या पुस्तकात मात्र बटाटा हे खोड आणि रताळे हे मूळ असल्याचे लिहिले आहे. दोन्ही जमिनीखाली वाढतात, दोघांनाही कोंब फुटतात. मग हा भेद कशावरून करतात? आणि बटाटा वांग्याच्या कुलातला, हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली अडचण ‘कंदमुळे’ या शब्दातच दडलेली आहे. जमिनीतून काढलेले आणि उकडून खाता येणारे एवढीच कसोटी स्वयंपाकघराला पुरते. वनस्पतिशास्त्र मात्र अवयव कोठे वाढला यापेक्षा त्याची घडण कशी आहे हे पाहते.

खोडाची खरी ओळख पेरे (खोडावरील सांधे) आणि कांडी (दोन पेऱ्यांमधला भाग) यांवरून पटते. पेऱ्यावर पान येते आणि पानाच्या बगलेत कळी असते. उसाच्या पेऱ्यावरील या कळीला शेतकरी ‘डोळा’ म्हणतात, आणि बटाट्यावरील खळगीलाही तोच शब्द वापरतात. शास्त्राच्या दृष्टीने तो अगदी अचूक आहे. बटाटा हातात घेऊन नीट पाहिल्यास प्रत्येक डोळ्यालगत भुवईसारखी बारीक रेघ दिसते. ती खवल्यासारख्या लहानशा पानाची जागा होय. हे डोळे बटाट्याभोवती मळसूत्री क्रमाने चढत जातात आणि एका टोकाला दाटीवाटीने येतात. दुसऱ्या टोकाला, जमिनीखालच्या ज्या बारीक फांदीचे टोक फुगून बटाटा झाला, तिचा वण असतो. उजेडात बटाटा हिरवा पडतो हा पुरावा अनेक जण देतात, परंतु तो पुरेसा नाही, कारण उघडे पडलेले गाजरही वरच्या बाजूने हिरवे होते. (हिरवा बटाटा खाऊ नये, हे मात्र लक्षात ठेवावे, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असू शकते.)

रताळ्याला ना पेरे असतात, ना खवल्यांसारखी पाने. त्याला कोंब फुटतात हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण ते ठरावीक जागी असलेल्या डोळ्यांतून येत नाहीत. मुळावर नव्याने तयार झालेल्या आगंतुक कळ्यांतून, बहुधा वेलाकडील टोकाला, ते क्रम न पाळता येतात. लागवडीतही हा फरक दिसतो. बटाट्याचे बेणे कापताना प्रत्येक फोडीवर निदान एक डोळा राखावा लागतो, तर रताळ्यासाठी वेलाचे तुकडे लावतात आणि त्यांच्या पेऱ्यांतून निघालेली काही मुळे फुगून रताळी होतात.

याच कसोटीने आले, हळद, सुरण आणि अळकुड्या ही खोडे ठरतात. कांद्यात खोड म्हणजे तळाची चपटी चकती तेवढी, बाकीचे पापुद्रे पानांचे फुगलेले तळ असतात. भुईमुगाची शेंग तर मूळही नव्हे आणि खोडही नव्हे. ते फळ आहे, फुलानंतर आऱ्या (फुलाच्या तळातून खाली वाढणारे दांडे) जमिनीत घुसल्यावर पोसलेले.

आता कुलाविषयी. वर्गीकरणात फुलाच्या रचनेला मोठे महत्त्व आहे. बटाट्याचे फूल वांग्याच्या फुलासारखेच चांदणीच्या आकाराचे, पाच जुळलेल्या पाकळ्यांचे असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोघांना सोलॅनम या एकाच प्रजातीत (कुलाच्या खालच्या गटात, इंग्रजीत ‘जीनस’) ठेवले आणि ते आजही तेथेच आहेत; मिरची व टोमॅटोही याच कुलातले. रताळ्याचे फूल नरसाळ्यासारखे असून त्याची प्रजाती इपोमिया, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरील मर्यादवेलीची. कुले वेगळी असली तरी एक पायरी वर, गणाच्या पातळीवर, दोन्ही एकत्र येतात. त्यामुळे बटाटा आणि रताळे अगदीच परके नाहीत.

नावांचा घोळ मात्र जुना आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात तो रताळ्याचा होता. म्हणून इपोमिया बटाटास हे शास्त्रीय नाव आजही रताळ्याचेच आहे.