आजोबांचे पाइप: ओढायचे की ठेवायचे?

नागपूरच्या धरमपेठेतलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या कपाटातून नऊ पाइप निघाले. आजोबा वनखात्यात होते. तुम्ही स्वतः कधी सिगारेटही ओढली नाही, आणि आता विचारताय की हे ओढायला शिकू की नुसते जपून ठेवू, ओढले तर किंमत उतरेल का, आणि तोवर इतवारीच्या सराफ्यात नेऊन चकचकीत पॉलिश करून आणू का. त्यावर एकाने तुम्हाला लिहिलंय, "पाइप ओढण्यासाठीच असतो, कपाटात ठेवला की मेला."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे थांबू शकतात. इतवारीत नेऊ नका. सराफ्यातल्या कारागिरांचा हात साफ आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बफाचं, म्हणजे पॉलिशचं, चाक एकदा फिरलं की पाइपची ओळखच पुसली जाते. तंबाखू भरायची वाटी म्हणजे बाउल; त्यापासून निघणाऱ्या लाकडी दांड्याला आम्ही शँक म्हणतो. त्याच्या दोन्ही अंगांना बारीक ठसे असतात: कंपनीचं नाव, आकाराचा नंबर, देश. ते लाकडात जेमतेम दाबलेले असतात. बफ त्यांच्या कडा गोल करतो, दुसऱ्यांदा फिरवला तर अक्षरंच जातात. मग तो पाइप डनहिलसारख्या नामांकित कंपनीचा होता की कुठल्या अनाम कारखान्याचा, हे सांगायला कोणी उरत नाही. ओढून जितके पाइप खराब झाले असतील, त्याहून जास्त मी हौसेने चमकवून खराब झालेले पाहिलेत.

आता तुमच्या वर्णनावरून जेवढं कळतं तेवढं सांगतो. एका पाइपच्या काळ्या स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, पांढरा ठिपका आहे म्हणता. पहिली शंका डनहिलची येते. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि काही वर्षांतच स्वतःचे पाइप बनवायला घेतले. स्टेमची वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून ठिपका आला, अशी हकीकत सांगतात. पण नुसत्या ठिपक्यावर जाऊ नका. जर्मनीत न्युरेंबर्गच्या वाउएन कंपनीच्या पाइपवरही पांढरा ठिपका असतो. शँकवर 'मेड इन इंग्लंड' वाचता आलं, तर त्याच्या शेवटाशी एखादा लहानसा अंक दिसतो का बघा. डनहिलच्या पाइपचं वर्ष त्या अंकावरून काढता येतं. टॉर्च तिरपा धरा, समोरून नको. समोरच्या उजेडात जिथे काहीच दिसत नाही, तिथे तिरप्या उजेडात अक्षरं उभी राहतात.

धातूचं कडं असलेले दोन पाइप बहुधा डब्लिनच्या पीटरसन कंपनीचे. कारण तोंडात धरायच्या टोकाचं भोक समोर नसून वरच्या अंगाला उघडतं, असं तुम्हीच लिहिलंय. ती त्यांची पी-लिप, १८९८ च्या पेटंटची. त्याआधी १८९० मध्ये चार्ल्स पीटरसन यांनी 'सिस्टिम' पाइपचं पेटंट घेतलं होतं: शँकच्या आत एक छोटी विहीर, धुरातलं पाणी तिच्यात साचतं, जिभेवर येत नाही. कड्यावर बसलेली स्त्री, मुकुटाखालचं हार्प हे तंतुवाद्य आणि एक सुटं अक्षर असं असेल तर ती खरी चांदी, डब्लिनला तपासलेली, आणि ते अक्षर वर्ष सांगतं. पण तिथे तिपानी शॅमरॉक, कुत्रा आणि गोल मनोरा दिसला, तर ती निकेलवरची नुसती नक्षी आहे. ती पाहून चांदी समजणारे पुष्कळ. लाकडावर 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असेल तर पाइप १९४९ च्या आधीचा नाही, कारण त्या वर्षी आयर्लंड प्रजासत्ताक झालं. चांदीची खात्री करायला सराफाकडे जा, पण पाइप हातातून सोडू नका.

आता "कपाटात ठेवला की मेला" याबद्दल. हे मला पटत नाही, आणि अनेक वर्षं रोज पाइप ओढलेला माणूस म्हणून सांगतो. ओढत होतो तेव्हा माझं लक्ष तंबाखूकडे असायचं, पेटलाय की विझला एवढंच. डॉक्टरांनी बंद करायला लावलं, अन् त्यानंतर मी पाइपकडे खऱ्या अर्थाने पाहायला लागलो. लाकडाचे तंतू कुठे उभे जातात, स्टेम हाताने घासून बसवलाय की साच्यातून काढलाय, हे तोवर दिसलंच नव्हतं. उलट बाजूही आहे. ज्याने कधीच पाइप भरला नाही, त्याला धूर ओढायचं भोक बाउलच्या बरोबर तळाशी उतरलंय की वर राहिलंय याचं महत्त्व कळत नाही. म्हणून संग्राहकाला ओढण्याची जाण हवी, सवय हवीच असं नाही.

तुम्ही नऊ पाइपांचा निकाल एकाच झटक्यात लावायची घाई करून राहिले. प्रत्येकाचा निकाल वेगळा आहे.

डब्यातला, कधीच न ओढलेला वाटणारा पाइप तसाच ठेवा. एकदा ओढला की तो पुन्हा कोरा होत नाही, आणि संग्राहक त्या कोरेपणाचेच जास्त पैसे देतात. बाउल आतून काळा दिसतो म्हणून तुम्हाला शंका आहे. कित्येक कारखाने आतून काळा थर लावूनच पाइप पाठवतात. वरची कड जळलीय का, टोकावर दातांचे व्रण आहेत का, हुंगल्यावर जुन्या राखेचा वास येतो का, हे पाहा. तिन्ही नसेल तर तो कोरा.

पांढरा, दाढीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड कोरलेला पाइप मीरशॉमचा असावा. हा दगड आहे, सेपिओलाइट नावाचं खनिज, आणि त्याचं मोठं ठिकाण म्हणजे तुर्कस्तानातलं एस्कीशेहिर. खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ की चाकूने कोरावा. नंतर घासून मेणात बुडवतात. तुमचा प्रश्न ओढायचं की ठेवायचं हा आहे ना, तो या पाइपपाशी येऊन उलटा होतो. मीरशॉम ओढल्याने सुधारतो. दगड सच्छिद्र असल्यामुळे धुरातला ओलावा आणि डांबर आत मुरतं, आणि बुंध्याकडून वर हळूहळू रंग चढतो: आधी फिका पिवळा, मग मधाचा, मग तपकिरी. हा रंग चढायला वर्षं लागतात. रंगलेला जुना मीरशॉम म्हणजे कोणीतरी संयमाने ओढलेला. कधी न ओढलेला पांढराशुभ्र आहे, तोही सुंदर असतो, पण त्याची गोष्ट अर्धीच. तुमच्याकडचा "खाली तपकिरी, वर पिवळट" आहे. तो डाग नाही हो, ती आजोबांची कमाई! कृपा करून खायचा सोडा, लिंबू, घासणी यातलं काही त्याला लावू नका. पाणी नको, स्पिरिट नको. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस. आणि हातातून पडला तर तुकडेच होतील, म्हणून नातवंडांच्या हातात देऊ नका.

उरलेले ब्रायरचे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कापून, तासन्‌तास उकळून, मग महिनोन्‌महिने वाळवून तिचे ठोकळे करतात. फ्रान्समधल्या सेंट-क्लॉड गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यावरच नाव कमावलं. हे लाकूड आगीला बऱ्यापैकी दाद देत नाही. ओढता ओढता आतल्या भिंतीवर कोळशाचा थर बसतो, त्याला केक म्हणतात. जेमतेम मिलिमीटरभर असेल तर तो लाकडाचं रक्षण करतो. जाड झाला की तापून फुगतो आणि बाउलला चीर पाडतो. हे पाइप आजोबांनी आधीच भरपूर ओढलेत, तेव्हा आणखी ओढल्याने किंमत उतरायची भीती नाही. नुकसान होतं ते वाईट ओढण्याने: भराभर झुरके घेऊन तळ जाळला, किंवा गरम असताना स्टेम उपसला आणि शँक तडकली.

पण तुम्ही ओढू नका. हे मी संग्राहक म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतोय. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो म्हणून तो निरुपद्रवी, असं सांगणारे भेटतील. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही अंगात जातं, आणि ओठाच्या कॅन्सरचा पाइपशी संबंध जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग यांनी १७९५ मध्येच लिहून ठेवला होता. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या पानठेल्यांच्या शहरात तोंडाच्या कॅन्सरबद्दल मी जास्त काय बोलू. ज्याला तंबाखूची सवय नाही, त्याने केवळ वारशात पाइप आले म्हणून ती काहून लावून घ्यावी? आजोबांशी नातं जोडायला त्यांचे पाइप पेटवायची गरज नाही, ते वाचता येतात.

टेबलावर सगळे ओळीने ठेवा. वरची कड कुठल्या बाजूला जास्त जळलीय ते बघा; काडी कुठल्या अंगाने धरायचे त्याचा अंदाज येतो. स्टेमवरचे दातांचे व्रण डावीकडे आहेत की उजवीकडे, त्यावरून तोंडाच्या कुठल्या कोपऱ्यात धरायचे ते कळेल. खोल व्रण सहसा त्या पाइपवर मिळतात जो हाताने न धरता, नुसता दातांत धरून ओढला जायचा. वनखात्याच्या माणसाचे हात दौऱ्यावर कुठे मोकळे असणार? वाकडा, खाली लोंबणारा पाइप दातात सोपा बसतो, म्हणून तो दौऱ्यावरचा असू शकतो, आणि लांब सरळ असेल तर तो घरी आरामखुर्चीतला. हा माझा तर्क आहे, आजी किंवा काका असतील तर त्यांना विचारा, आज विचारा. बहुतेक वेळा सगळ्यात झिजलेला पाइप सगळ्यात स्वस्तातला निघतो. तो अजिबात साफ करू नका. केक, व्रण, जळकी कड, सगळं तसंच राहू द्या. बाकीच्यांना थोडी आंघोळ घातली तरी चालेल.

ती आंघोळ अशी: पाइप क्लीनरला, म्हणजे सुती धागे गुंडाळलेल्या लवचिक तारेला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून शँक आणि स्टेमच्या आतून फिरवा, क्लीनर पांढरा येईपर्यंत. बाहेरच्या लाकडाला ते अल्कोहोल लावू नका, रंग उडतो. केक फार जाड असेल तर थोडा थोडा खरवडा, पार लाकडापर्यंत जाऊ नका. काळे स्टेम हिरवट तपकिरी झालेत ते व्हल्कनाइटमुळे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेड आणि उष्णता लागली की ते असं होतं, आणि चव कडू लागते. ते उतरवता येतं, पण पांढऱ्या ठिपक्याच्या आणि अक्षरांच्या आसपास हात आवरा.

यातूनच नागपूरचा मुद्दा निघतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात पाइप मांडणं म्हणजे स्टेमची वाट लावणं. कडक उन्हाळ्यात लाकूड सुकून स्टेम सैल होतो, जुलैत तेच लाकूड फुगून तो इतका घट्ट बसतो की जोर लावलात तर मोडेल. पावसाळ्यात अडकलेला स्टेम ओढू नका, दिवाळीपर्यंत थांबा. आणि कूलरच्या झोतासमोरची खोली नको: ओल्या हवेत आतल्या राखेवर बुरशी धरते. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट, आत सुती कापड. प्लास्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या तर नकोच, ब्रायर तो वास धरून ठेवतो.

किमतीबद्दल थोडक्यात. नागपुरात या मालाला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल. ऑनलाइन भाव बघायचा तर मागितलेला नको, विकला गेलेला बघा. दोन्हींत मोठी दरी असते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे ध्यानात असू द्या. कुठल्या पाइपवर पांढरं कडं असेल आणि ते हस्तिदंत वाटत असेल, तर विकायचा विचारही करू नका, त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसले तर ते हाड. छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेषा दिसल्या तर हस्तिदंत. वनखात्यातल्या माणसाच्या घरात हे आधी तपासलेलं बरं.

फोटो टाकाल तेव्हा प्रत्येक शँकच्या दोन्ही बाजू तिरप्या उजेडात घ्या. मीरशॉमची मूळ पेटी सापडली असेल तर तिच्या झाकणाच्या आतलं अस्तरही दाखवा. कारागिराचं किंवा दुकानाचं नाव अनेकदा पाइपवर नसतं, तिथे छापलेलं असतं.