रोज सकाळी उन्हात फिरूनही ड जीवनसत्त्व कमी कसे? शाकाहारातून ते भरून निघेल का?

आपण लिहिले आहे की, पुण्यात राहून रोज सकाळी साडेसहा ते सात या वेळेत टेकडीवर फिरत असूनही रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅम, म्हणजे बरेच कमी आले आणि पाय सतत दुखतात. मी आहारशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला विद्यार्थ्यांचे पालकही वरचेवर विचारतात.

दोष आपल्या फिरण्यात नसून वेळेत आहे. कोवळे ऊन अंगावर घेतले की हाडे बळकट होतात, असे आपल्याकडे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सर्वांना सांगितले जाते. परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील ज्या आखूड तरंगलांबीच्या अतिनील किरणांची गरज असते, ते सूर्य क्षितिजालगत असताना वातावरणाचा तिरपा व जाड थर ओलांडताना ओझोनमध्येच बहुतांशी शोषले जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन या कामाचे. सकाळी सातला ती उंचीच्या कितीतरी पट लांब असते. पुण्यात मात्र डिसेंबरातही भर दुपारी ती उंचीहून किंचित आखूड होते, म्हणजे हे ऊन आपल्याला बारा महिने उपलब्ध आहे. (लंडनमधील आपल्या नातलगांना हिवाळ्यात ते अजिबात मिळत नाही, म्हणून तेथील सरकार शरद ऋतूत व हिवाळ्यात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम पूरक ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करण्यास सांगते.) तेव्हा आठवड्यातून तीन-चार वेळा, अकरा ते एकच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून पंधरा ते तीस मिनिटे उन्हात जावे, त्वचा लाल होईपर्यंत थांबू नये. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, कारण काच हेच किरण अडवते.

आहाराचे म्हणाल, तर शाकाहारी ताटातून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळणे जवळजवळ अशक्य आहे. बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक यांत ते असते. आपल्यासाठी ड जीवनसत्त्व मिसळलेले दूध व तेल एवढाच खात्रीचा आधार उरतो, आणि अशा पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्हासह ‘एफ’ हे अक्षर छापलेले असते. तरीही आहार दुय्यम ठरत नाही. ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे आहे. ते कमी असताना आहारातील कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के, तर पुरेसे असताना ३० ते ४० टक्के अंगी लागते. शोषून घेण्यासाठी मुळात ताटात कॅल्शियम हवे, म्हणून रोज दूध-दही आणि नाचणी असावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोड आणून दळलेल्या नाचणीची भाकरी किंवा आंबील केली, तर शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते. तीळही न सोललेलेच वापरावेत.

११ हा आकडा केवळ उन्हाने लवकर वर येणार नाही. डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतील. ती दुपारच्या जेवणानंतर, तूप किंवा तेल पोटात गेलेले असताना घ्यावी. येथे कळकळीची एक विनंती आहे. माझ्या सासूबाईंनी हीच पुडी गैरसमजाने दोन महिने रोज घेतली. उलट्या, बद्धकोष्ठता, न भागणारी तहान सुरू झाली, रक्तातील कॅल्शियम वाढले आणि सलाईनसाठी रुग्णालयात ठेवावे लागले. हे जीवनसत्त्व मेदात साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही.

पायदुखीसोबत थकवाही असेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड यांची तपासणीही करून घ्यावी. शाकाहारी व्यक्तीत बी-१२ची कमतरता बरेचदा जोडीनेच आढळते. ड जीवनसत्त्वाची फेरतपासणी तीन महिन्यांनी पुरे.