शिडाच्या होडीत डोलकाठीचं बूड कशात बसवायचं? तळाला ठोकळा चिकटवला तर चालेल का?

ठोकळा चिकटवू नका. मी चिकटवला होता, म्हणून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की होडी १२ फुटी, प्लायवूडची. डोलकाठी लाकडी, ४.५ मीटरची, तिला ताणाच्या तारा (काठी उभी धरायला होडीच्या कडांना बांधतात त्या) नाहीत. शीड ५ चौरस मीटर आणि पाणी उजनीचं. माझीही जवळजवळ अशीच आहे. सोलापुरात बसून होडी बांधतोय म्हटल्यावर आमच्या गल्लीत सगळे म्हणाले, आधी चार दिवसाआड येणारं नळाचं पाणी बघा!

पहिल्या खेपेला मी बाभळीचा वीतभर ठोकळा घेतला, मधोमध खोबण पाडली आणि दोन फ्रेमच्या (होडीच्या आतल्या आडव्या फासळ्यांच्या) मध्ये थेट तळाच्या प्लायवर इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायच्या पक्क्या चिकटद्रव्याने) चिकटवला. वरून चार स्क्रू. दगडासारखा बसला. एक हंगाम निभावला. दुसऱ्या आषाढात पश्चिमेचा वारा एकदम अंगावर आला, पायाशी फाडकन आवाज झाला आणि काठी शिडासकट आडवी. काठावर येऊन ठोकळा उलटा केला, तर त्याच्या बुडाला प्लायचा पातळ पदर चिकटलेला, कांद्याच्या सालीसारखा. इपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं. सोलून निघाला होता तो प्लाय.

तेव्हा कुठे मी हिशेब मांडला. आपल्याला वाटतं, बैठकीवर, म्हणजे काठीचं बूड बसतं त्या खोबणीच्या लाकडावर, काठीचं वजन येतं, म्हणजे सात-आठ किलो. ते तर काहीच नाही. ताशी २५-३० किलोमीटरच्या वाऱ्यात ५ चौरस मीटर शिडावर पंचवीसेक किलोचा आडवा जोर येतो. हा जोर बसायच्या आडव्या फळीच्या वर सुमारे २ मीटरवर लागतो. काठी त्या फळीच्या भोकातून खाली जाते, आणि फळी ते बैठक हे अंतर समजा ३५ सेंटिमीटर. झाली की पहार! २५ गुणिले २ भागिले ०.३५, म्हणजे बुडाशी जवळजवळ १४० किलोचा धक्का, तोही आडवा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला. झुळकीगणिक कमी-जास्त होणारा. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला विचारा, वरचं टोक जरा कललं की खाली अंगावर काय येतं ते.

(तारा लावल्यात तर गणित बदलतं. मग बुडाशी आडवा जोर फारसा राहत नाही, पण तारा काठीला खाली दाबतात आणि तो दाब सहज दोनशे किलोच्या पुढे जातो.)

म्हणून बैठक लांब हवी आणि तिचा भार फ्रेमवर पडायला हवा, तळाच्या प्लायवर नाही. माझी दुसरी बैठक ६० सेंटिमीटर लांब, १२ रुंद, ५ जाड आहे. होडीच्या मधल्या रेषेवर नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) मागे अशी ती तीन फ्रेमवर टेकते. प्रत्येक फ्रेमवर बसायला खालून १ सेंटिमीटरची खाच घेतली, म्हणजे ती पुढे-मागे सरकत नाही. बाजूला सरकू नये म्हणून फ्रेमवर दोन्हीकडून गुटके मारले. ८ मिलिमीटरचे स्टेनलेसचे बोल्ट फ्रेममधून आरपार घेतले. तळातून एकही भोक नाही.

लाकूड सागवान. जुन्या दाराची चौकट मिळाली तर उत्तम, ती वर्षानुवर्षं वाळलेली असते. बाभूळ चिवट खरी, पण नीट वाळलेली मिळत नाही, आणि ओली असली की आपल्याकडच्या उन्हात तडकते. सागात तेल असतं, त्यामुळे बैठक फ्रेमवर चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका.

लाकडाचे रेषे होडीच्या लांबीत जातात आणि काठी खोबणीला आडवी ढकलते. हे सरपण फोडायला पाचर मारण्यासारखंच आहे. उपाय सोपा आहे. खोबणीच्या पुढे एक आणि मागे एक असे ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट बैठकीत आडवे घाला, वॉशर लावून कसा. खोबणीचे कोपरे पटाशीने जरा गोल ठेवा, कारण चीर तिथूनच सुरू होते. खोली ३ सेंटिमीटर, खाली २ शिल्लक.

आणि खोबणीच्या तळातून पाणी बाहेर जायला १० मिलिमीटरचं भोक. हे विसरलात तर बाकी सगळी मेहनत वाया. काठीवरून ओघळलेलं पाणी खोबणीत साचतं, लाकूड कुजतं, आणि काठी बसवलेली असल्याने ते दिसत नाही. खोबण आतून पातळ इपॉक्सीने तीनदा माखा.

लंडनमध्ये १९६२ साली थेम्सच्या गाळात रोमन काळातलं एक जहाज सापडलं. त्याच्या डोलकाठीच्या खोबणीत डोमिशियन बादशहाचं नाणं ठेवलेलं होतं. ते वाचून मीही दहा रुपयांचं नाणं ठेवलं, पण इपॉक्सीत बुडवून. नाहीतर त्याच्याखालीही पाणी साचलं असतं.

खोबण लगेच पाडू नका. होडी दोन्ही बाजूंनी समपातळीत आणा, गवंड्याची पाण्याची नळी वापरा. फळीतल्या भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा. ३५ सेंटिमीटरच्या अंतरात १ सेंटिमीटर चुकलात तर शेंड्याला सुमारे १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. काठी मागे किती कलवायची ते पाण्यावर गेल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून खोबण लांबीला २ सेंटिमीटर जास्त ठेवा आणि पाचर घालून जुळवा. रुंदीला मात्र जेमतेम २ मिलिमीटर सैल.

चिकटवण्याचं काम एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर पहाटे पाचला उठा. मी एकदा दुपारी डबाभर इपॉक्सी कालवलं, दहा मिनिटांत डब्यातून धूर निघाला. थोडं थोडं कालवा, पसरट ताटलीत ओता. वर रंग पांढराच द्या. गडद रंग उन्हात तापतो आणि घरी घट्ट केलेलं इपॉक्सी तापलं की मऊ पडतं.

उजनीचा वारा हलक्यात घेऊ नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी बोट अशाच सोसाट्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट घालूनच बसा.

पाण्यात उतरवण्याआधी होडी अंगणात पक्की बांधा. काठी उभी करा, फळीपासून २ मीटरवर दोरी बांधा, दोरीला ताणकाटा लावा आणि एकाला २५ किलोपर्यंत बाजूला ओढायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन बैठकीशी आडवे व्हा. कुठे केसभर फट उघडली किंवा करकर ऐकू आलं, तर बोल्ट कुठला ढिला आहे ते तिथेच शोधा.