गाडी बदलण्याआधी टायरवरचे चार आकडे वाचा

पिकअप पडला, वळणावर मजा राहिली नाही, म्हणून लगेच वरचं मॉडेल बुक करू नका. आधी टायर बघा. बाजूवर उत्पादनाचे चार आकडे असतात: 3519 म्हणजे 2019 चा 35वा आठवडा. रबर जुनं झालं की कडक होतं. नक्षी शिल्लक असली तरी पकड जाते आणि बोल मात्र सस्पेन्शनला लागतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललंय का? ते हवेतला ओलावा शोषतं, मग लागोपाठ जोरात ब्रेक मारले की पेडल मऊ पडतं.

हे करूनही ताकद कमी वाटली तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजा. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग काढलेले, थ्रॉटल (हवा आत घेणारी झडप) पूर्ण उघडलेला. सिलिंडरांच्या दाबात 10 टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ज्याचा दाब कमी भरला त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं. रिंग गेल्या असतील तरच गाडी बदलायचा विषय काढा.

आणि वडोदऱ्यात सेकंडहँड घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं, आठवतंय ना? पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडी पुरात बुडाली असणार; रंग कितीही चकचकीत असो, घेऊ नका; वायरिंगचे जोड पुढे कित्येक महिने गंजत राहतात.