भरपगारी रजेचा कायदा असताना सर्वेक्षणं आणि आकडेवारीवर सरकारने पैसे का घालवावेत?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की कापडाच्या दुकानात कामाला आहात, तुमच्यासकट आठ जण. तापाने चार दिवस घरी पडलात आणि मालकाने चार दिवसांचा पगार कापला. राग मालकावर आहेच, पण त्याहून जास्त सरकारवर: कायदा आहे तर लागू करा, घरोघरी जाऊन ‘रजा मिळते का’ विचारत बसायला आणि ते आकडे फुकट वाटायला पैसे कशाला?

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांच्या हजेरीचं आणि पगारपत्रकाचं काम करतो, त्यामुळे रजेचा हिशेब रोजचाच. तुमच्या मुद्द्याची पहिलीच पायरी कच्ची आहे. कायदा आहे खरा, पण आठ जणांच्या दुकानाला त्यातलं रजेचं कलम लागू होत नाही.

महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. सणावारांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकी चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. शिवाय वर्षात २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वाचायला झकास. पण हा कायदा आला तेव्हाच त्यात अट होती की दहा किंवा जास्त कामगार असतील तरच हे लागू. त्याआधीचा १९४८ चा कायदा लहान दुकानांनाही धरून होता आणि त्यात भरपगारी रजेचं कलम होतं. म्हणजे तुमच्यासारख्या दुकानातल्या माणसाची रजा २०१७ साली कागदावरूनही गेली, आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायला मंजुरी दिली. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात, पण तिथेही दहाची चौकट आहेच.

(जाता जाता: पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापतात का ते पाहा. कापत असतील तर आजारपणात पहिले दोन दिवस सोडून पुढच्या दिवसांचे ७० टक्के तिथून मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दाखला मात्र त्यांच्या डॉक्टरचा लागतो.)

आता दहाच्या रेषेखाली माणसं किती, ते बघू. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यात सुमारे १३.१ कोटी माणसं निघाली. सरासरी एका ठिकाणी सव्वादोन! या हिशेबाने तुमचं दुकान चांगलं मोठं म्हणायचं. सातवी गणना २०१९ मध्ये सुरू झाली, माणसं दुकानोदुकानी फिरली, खर्च झाला, आणि निकाल आजवर जाहीर झालेले नाहीत. पैसे वाया गेल्याबद्दल चिडायचंच असेल तर इथे चिडा, मी तुमच्या बाजूने आहे.

पण ज्या सर्वेक्षणावर तुम्ही चिडलात, ते हे काम करतं. २०१७ पासून चालू असलेल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात, पगारदार माणसाला विचारतात की काम करता तिथे किती जण आहेत: सहापेक्षा कमी, सहा ते नऊ, दहा ते एकोणीस, की वीस आणि वर. त्याच पत्रकात लेखी करार आहे का, भरपगारी रजा लागू आहे का, पीएफ वगैरे आहे का, हेही विचारतात. ही दोन उत्तरं एकमेकांसमोर मांडली की ‘दहा ते एकोणीस’ या कप्प्यात रजा मिळणारे किती, हे निघतं. दहाचे वीस केल्यावर कुणाची रजा धोक्यात येते, तर नेमकी यांची. मंत्रालयाने हा हिशेब केला असो वा नसो, तो करायचा माल फुकट उपलब्ध आहे. एखादी कामगार संघटना, एखादा पत्रकार, सोलापूरच्या कॉलेजातली एखादी एम.ए.ची मुलगी, कुणीही करू शकतं. फुकट वाटण्याचा उपयोग तो हा.

दुसरा मुद्दा ज्यांना कायदा लागू आहे त्यांचा, आणि इथे मी जवळून पाहिलेलं सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात, ज्याच्या साच्यावर आमची रजिस्टरं अजून चालतात, हिशेब तोच: २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक रजा. ३०० भरले तर १५, २४० भरले तर १२. म्हणून कंत्राटी पोरांना सात महिने होत आले की ‘ब्रेक’ देतात. ब्रेकमागची मूळ भीती वेगळी असते. वर्षात २४० दिवस भरले की माणसाला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही. रजा त्या ओघात बुडते. आठवड्याभराने तोच पोरगा त्याच मशीनवर उभा. गेटपासवर कंत्राटदाराचं नाव नवं, रुजू तारीख नवी, रजेच्या खात्यात शून्य. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की काम मध्येच सुटलं तर २४० भरले नसले तरी केलेल्या दिवसांच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यायचे. ब्रेकच्या वेळच्या अंतिम हिशेबात ती ओळ मी फार क्वचित पाहिली आहे. आता १८० दिवसांची अट आली आहे. ब्रेक पाचव्या महिन्यात यायला लागेल असा माझा अंदाज.

अशा ठिकाणी निरीक्षक आला तर त्याला काय दिसतं? चोख रजिस्टर. पात्र कामगार इतके, त्यांना दिलेली रजा इतकी, सह्या जागच्या जागी. त्यात खोटं काहीच नसतं, फक्त तो पोरगा त्या पानावर नसतो. मालकाने भरलेल्या कुठल्याही विवरणात तो सापडणार नाही. सर्वेक्षणवाला मात्र कंपनीत जात नाही, तो त्याच्या खोलीवर जातो. आता बऱ्याचदा तो ड्युटीवर असतो आणि उत्तर बायको किंवा आई देते, म्हणून लोक या आकड्यांवर शंका घेतात. माझं मत उलट आहे. रजेचं घरातल्या बाईला पक्कं माहीत असतं, कारण पगार कमी आला की पहिली झळ तिच्या वाणसामानाला लागते.

मग या विचारपूसीतून निघालं काय? शेती सोडून इतर क्षेत्रांतल्या नियमित पगारदारांपैकी २०१७-१८ मध्ये ५४.२ टक्के लोकांना भरपगारी रजा नव्हती. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४७.३ टक्क्यांवर आलं. लेखी करार नसलेले ७१.१ वरून ५८ टक्क्यांवर आले. आता कुणी म्हणेल, सुधारणा झाली, पेढे वाटा. पण त्याच तक्त्यातला पुढचा रकाना पाहा: कुठलीच सामाजिक सुरक्षा नसलेले ४९.६ वरून ५३.४ टक्क्यांवर गेले. रजा थोडी वाढली, पीएफ-विम्याचं छत्र घटलं. मी यातून असं वाचतो की कराराचा कागद आणि चार रजा देणं मालकाला स्वस्त पडतं, दरमहा पीएफ भरणं महाग. हा माझा तर्क झाला, चुकीचा असेल तर तुम्ही तेच आकडे काढून मला खोडू शकता. सरकारने नुसती ‘रजा मिळणारे वाढले’ अशी प्रेसनोट काढली असती तर दोघांच्याही हातात काही उरलं नसतं.

आणि हे आकडे आपसूक बाहेर येतात असं समजू नका. ५४.२ टक्क्यांचा तो पहिला अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये तयार होता. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने त्याला मान्यता दिली होती, तरी तो दाबून ठेवला गेला. जानेवारी २०१९ च्या अखेरीस आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. मग एका इंग्रजी दैनिकाने तो फोडला, ६.१ टक्के बेरोजगारीची बातमी झाली, आणि अधिकृतपणे तो ३१ मे २०१९ ला, लोकसभा निवडणूक उरकल्यावर आला. सगळी चर्चा बेरोजगारीवर झाली. रजेचा आकडा त्याच अहवालात होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. निरुपयोगी आकडे कुणी पाच-सहा महिने दाबून ठेवत नाही, एवढं तरी यावरून मान्य कराल.

वरच्या टक्केवारीत एक मोठी खोट आहे, तीही सांगतो. ती नियमित पगारदारांची आहे. रोजंदारीवाला, नाक्यावरचा मजूर, ऊसतोडीला जाणारं जोडपं त्या ४७ टक्क्यांतही नाही आणि उरलेल्या ५३ मध्येही नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि एक दिवस चुकला की खाडा. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेली, वर दंड लागतो, तो उचलीच्या हिशेबात चढतो. तिथे ‘रजा’ हा विषयच नाही, पाळीच्या दिवसांतही नाही. बीड जिल्ह्यातल्या बायका तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढून घेतात ही कुजबुज गावोगाव जुनी होती. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पहिल्यांदा पद्धतशीर मोजणी झाली: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली. जवळपास सहात एक. तोवर डॉक्टर म्हणायचे, गरज होती म्हणून केली; मुकादम म्हणायचे, आमचा काय संबंध. आकडा समोर आल्यावर ही उत्तरं चालेनाशी झाली. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. खाड्याची पद्धत त्याने संपली नाही, हेही तितकंच खरं.

तुम्हाला स्वतः आकडे उघडून पाहायचे असतील तर केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीएलएफएसची मूळ माहिती मिळते, नाव-पत्ता काढून टाकलेली. नोंदणी करायची, उतरवून घ्यायची. दोन गोष्टी सांभाळा. ओळी मोजून टक्के काढू नका. प्रत्येक नोंदीसमोर एक गुणक असतो, तो लावल्याशिवाय आकडा देशाचा होत नाही. आणि एका जिल्ह्याच्या एका धंद्याचं काही काढायला गेलात तर नमुना इतका लहान पडतो की उत्तरावर विसंबता येत नाही. माहितीपत्रकं इंग्रजीत आहेत, मराठीत असती तर तुमच्या-माझ्यासारख्यांची बरीच डोकेफोड वाचली असती.

माझी या सर्वेक्षणाबद्दलची खरी तक्रार खर्चाची नाही, प्रश्नाची आहे. ‘भरपगारी रजा लागू आहे का’ याला माणूस हो म्हणतो आणि तो सुटतो. आमच्याकडे कितीतरी जणांच्या खात्यात वीस-पंचवीस रजा पडून असतात आणि मागायला गेलं की सुपरवायझर म्हणतो, ऑर्डर निघू दे मग बघू. तो माणूस सर्वेक्षणात ‘रजा मिळते’ या रकान्यात जातो. गेल्या वर्षी भरपगारी रजा किती दिवस घेतलीत, एवढा एक प्रश्न त्या पत्रकात वाढवला तर ४७ चा आकडा कुठे जाईल याची मला फार उत्सुकता आहे.