परदेशी मदत बंद केली तर अमेरिकी सरकारची अर्थसंकल्पी तूट भरून निघेल का?

नाही, कारण ही मदत २०२४ पर्यंत केंद्रीय खर्चाच्या जेमतेम एक टक्का असायची. २०२४ च्या आर्थिक वर्षात (ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४) अमेरिकी सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि तूट १.८ लाख कोटींच्या घरात होती. खरा पैसा जातो तो इथे:

- सोशल सिक्युरिटी, म्हणजे मुख्यतः वृद्धांचं पेन्शन: जवळपास १.५ लाख कोटी
- मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), संरक्षण आणि कर्जावरचं व्याज: प्रत्येकी ०.८५ लाख कोटींच्या आसपास

कैसर फॅमिली फाउंडेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांमध्ये मात्र परदेशी मदतीवर किती खर्च होतो याबद्दल लोकांचा सरासरी अंदाज २५ टक्क्यांच्याही वर आलेला आहे. म्हणूनच ‘खर्च कमी करा’ ही मागणी लोकप्रिय ठरते, पण पेन्शन किंवा मेडिकेअरला हात लावायची वेळ आली की डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांचे मतदार विरोध करतात. एकच लक्षात ठेवा: युक्रेनसारख्या देशांना दिलेली शस्त्रं कधी परदेशी मदतीच्या हिशेबात धरतात, कधी नाही, त्यामुळे टक्केवारी थोडी वरखाली दिसते. सगळं धरलं तरी ती २५ च्या जवळपासही जात नाही.