प्रार्थनेत मन लागत नाही, देव माझ्यावर रागावलाय का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कॉलेजच्या मुली विचारतात, रिटायर्ड लोक विचारतात, पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, मिसेससुद्धा विचारतात, फक्त त्या जरा आवाज खाली करून. बायबलचं वचन वाचायला बसलं की डोळे नुसते ओळींवरून फिरतात, पहाटेची प्रार्थना चुकली की दिवसभर टोचणी, आणि मग घरात काही बिनसलं की लगेच, बघ, मी प्रार्थना चुकवली ना म्हणून झालं हे. म्हणून एक केस लिहिते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नगरकडचे एक सर, पन्नाशी उलटलेली, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये पंच. बसल्या बसल्या त्यांनी मोबाईल काढून बायबल वाचनाचं अॅप दाखवलं. वर्षभरात अख्खं बायबल, म्हणजे ११८९ अध्याय, रोजचे तीन-सव्वातीन, आणि सर लेवीयमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तिसऱ्याच पुस्तकात, अडकलेले.

"ताई, उपदेशाला उभं राहून मी लोकांना सांगतो रोज वाचा म्हणून. ढोंगी आहे मी."

"चार दिवस वाचलं नाही तर काय होईल असं वाटतं?"

"हात काढून घेईल तो माझ्यावरचा."

म्हणजे सरांसाठी भक्ती हा कर्जाचा हप्ता झाला होता, चुकला की दंड. हे खूप जणांचं होतं, आणि मंडळीत साक्षी, म्हणजे देवाने काय केलं याचे लोकांचे अनुभव, ऐकून ते अजून घट्ट होतं. अशांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षाचा वाचनाचा तक्ता केला, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा, जुना करार एकदा. आजही तो तक्ता अॅपवर मिळतो. पण त्याच्यासोबत त्यांनी स्वतःच धोकेही लिहून दिले होते, की हे नुसतं उरकणं होईल, आपण फार धार्मिक असं वाटायला लागेल, नाहीतर हे जू मानेला जड होईल. हा भाग लोकांपर्यंत पोचतच नाही. सरांनी ऐकलं, बरं वाटलं म्हणाले, पण फरक काही पडला नाही. समजून भीती जात नाही हे मी इतकी वर्षं बघतेय.

मग एकदा मी म्हटलं, सर, घरी करता तशी प्रार्थना इथं कराल का? त्यांनी डोळे मिटले आणि काय सुंदर प्रार्थना केली! पाळकसाहेब, आजारी लोक, विधवा, अनाथ, शासनकर्ते, संडे स्कूलची मुलं, कुणी सुटलं नाही. आमेन झाल्यावर मी एवढंच विचारलं, "यात तुम्ही कुठंयत, सर?"

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. नंतर निघालं की दोन वर्षांपूर्वी मिसेस कॅन्सरने गेल्या. मंडळीने उपवास-प्रार्थना केली होती, त्या बऱ्या होणार असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि अंत्यविधीला सरांनी न रडता बायबलमधल्या सगळं गमावलेल्या ईयोबाचं वचन म्हटलं, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. सगळे म्हणाले काय विश्वास आहे. आणि पुढच्याच जानेवारीत हा वाचनाचा प्लॅन सुरू.

माझं पक्कं मत आहे की अपराधीपणाच्या खाली बहुतेक वेळा दुसरीच भावना दाबलेली असते. ती सापडेपर्यंत पहाटेचा अलार्म लावून काही होत नाही. मी स्तोत्र ८८ उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारावरच संपतं. सर शेवटच्या ओवीवर थांबले, पान उलटून पुढे काही आहे का बघितलं, आणि म्हणाले, "हे मी दरवर्षी वाचलंय ताई. असं आहे हे?" मग तसंच पुस्तक हातात धरून, वर न बघता, "तू ऐकलं नाहीस. आम्ही सगळ्यांनी मागितलं आणि तू ऐकलं नाहीस." रडले खूप. मी मध्ये बोलले नाही. माझ्या मते दोन वर्षांतली त्यांची पहिली खरी प्रार्थना ती होती, आणि त्या खोलीत मी होते याचं मला आजही समाधान आहे.

आता तुमच्यासाठी. कोरडेपण आलं म्हणून सगळं सोडून देऊ नका, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाही हेच सांगतात की अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. पण ठराविक वेळ धरून प्रमाण कमी करायला काय हरकत आहे, सरांनी अॅपमधल्या तारखा काढल्या आणि रोज एकच स्तोत्र वाचायला लागले, कधी चारच ओव्या. नाइट ड्यूटीवाल्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा, ड्यूटीवरून आल्यावर दहा मिनिटं बसा. आणि सुरुवात इतरांपासून नको, आज मला देवाचा राग आलाय, कंटाळा आलाय, भीती वाटतेय, जे असेल ते आधी सांगा, येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना तर एका वाक्याची होती.

आणि प्रार्थनेतच काय, जेवणात, माणसांत, कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणालातरी सोबत घेऊन जा, रविवारची उपासना होईपर्यंत थांबू नका.